पेढीची पत आणि पडद्यावरचे गिऱ्हाईक

पेढीवर वाढलेल्या मुलाला एक गोष्ट फार लवकर उमगते. दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक जण गिऱ्हाईक नसतो. आणि एकदा माल घेऊन गेलेला माणूस दुसऱ्यांदा आला, तरच त्याचे नाव मनातल्या वहीत लिहायचे असते. पहिल्या दिवशीची गर्दी मुहूर्ताची असते, पेढे खायला आलेल्यांची असते. पेढीची पत ठरते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी, त्याच उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या पावलांवरून.

अलीकडे व्यापारी घरांत सायंकाळच्या जेवणाच्या वेळी एक नवा विषय निघू लागला आहे. मुलगा म्हणतो, दुकानाचे यूट्यूब चॅनेल काढू. सून म्हणते, कांदा-लसणाशिवायच्या आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ करू. यावर वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोनपैकी एक असते. कुणाला हा रिकामपणचा उद्योग वाटतो. कुणाला वाटते, दुसऱ्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात, तर आपल्या घरचा का पाहणार नाहीत? पहिल्या मतामुळे चांगले काम सुरूच होत नाही. दुसऱ्या मतामुळे ते सुरू होते आणि चार महिन्यांत निराशेने बंद पडते. दोन्ही मते गर्दीकडे पाहून बनलेली आहेत. लहान चॅनेल मात्र गर्दीवर वाढत नाही. ते परत येणाऱ्यांवर वाढते. पेढीचे आणि त्याचे गणित या एका बाबतीत तंतोतंत सारखे आहे.

यंत्र नेमके काय मोजते

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून संस्थापकांपैकी एक तरुण चार वाक्ये बोलतो, एवढाच त्याचा विषय आणि जेमतेम १९ सेकंदांची लांबी. पुढच्याच वर्षी गूगलने ही कंपनी १६५ कोटी डॉलरला विकत घेतली, आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळू लागला.

सुरुवातीच्या वर्षांत किती जणांनी व्हिडिओ उघडला, यालाच महत्त्व होते. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला: भडक चित्र लावून लोकांना आत ओढायचे आणि आत काहीच द्यायचे नाही. २०१२ मध्ये यूट्यूबने मोजमाप बदलले. किती जण आले यापेक्षा आलेले किती वेळ थांबले, याला वजन देण्यात आले. पाटी पाहून शिरलेला माणूस माल पाहून लगेच बाहेर पडला की पाऊण तास बसला, हे यंत्र तेव्हापासून पाहू लागले.

चॅनेल चालवणाऱ्याला ‘यूट्यूब स्टुडिओ’ नावाच्या पानावर हे सारे आकडे मिळतात. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर तीच चॅनेलची खतावणी. तिच्यातील चार नोंदी पुरेशा आहेत. व्हिडिओचे चित्र, म्हणजे थंबनेल, किती जणांच्या नजरेसमोर आले. त्यांपैकी किती जणांनी ते उघडले. उघडणारे सरासरी किती वेळ थांबले. आणि एकूण प्रेक्षकांपैकी पूर्वी येऊन गेलेले किती. दुसऱ्या नोंदीबाबत यूट्यूबनेच सांगितले आहे की, निम्म्या चॅनेलांचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. शंभर जणांपुढे पाटी आली आणि पाच जण आत आले, तर त्यात अपयश काहीच नाही.

चौथी नोंद मात्र सर्वांत मोलाची, आणि नवशिके तिच्याकडेच सर्वांत कमी पाहतात. दोनशे जणांनी पाहिलेला व्हिडिओ ‘चालला नाही’ असे मुलगा म्हणतो. पण प्रवचनाला दोनशे श्रोते बसले, तर सभागृह भरले असेच कुणीही म्हणेल. त्या दोनशेंपैकी साठ जण पुढच्या आठवड्यात परत आले, तर पाया पडला असे समजावे.

विषय गल्ल्यावरच सापडतो

काय दाखवावे, हा प्रश्न बहुतेकांना अडवतो. उत्तर दूर शोधण्याची गरज नाही. गेल्या महिन्यात ग्राहकांनी दुकानात जे प्रश्न विचारले, तेच विषय.

उदाहरणादाखल सांगलीतील हळदीची एखादी पेढी घ्यावी. सांगली ही हळदीची जुनी आणि मोठी बाजारपेठ; ‘सांगलीची हळद’ हिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा पेढीवर रोज येणारे प्रश्न ठरलेले असतात. राजापुरी आणि सेलम यांत फरक काय? गड्डा घ्यावा की हळकुंड? दळून आणलेली हळद वर्षभर टिकवायची कशी? भेसळ घरी ओळखता येते का? या शेवटच्या प्रश्नाला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली सोपी चाचणी आहे: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडावी, शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, कृत्रिम रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळे होते. तीन मिनिटांचा हा प्रयोग पेढीवरच्या माणसाने स्वतःच्या हाताने करून दाखवला, की तो एक संपूर्ण व्हिडिओ झाला.

जैन घरांतला नेहमीचा प्रश्न आणखी वेगळा: ओली हळद आणि आले वर्ज्य मानणाऱ्या अनेक घरांत सुकी हळद आणि सुंठ कशी चालते? कंद सुकल्यावर तो अचित्त होतो, ही त्यामागची सर्वसाधारण समजूत. अशा विषयावर व्यापाऱ्याने निर्णय देऊ नये. जाणकारांना विचारून, परंपरांतील भेद मान्य करून, जपून बोलावे. पण हा प्रश्न शेकडो घरांत विचारला जातो आणि त्याचे साधे, सभ्य उत्तर मराठीत शोधणारा माणूस नक्कीच आहे.

नव्या चॅनेलला यूट्यूब आपणहून फारसे पुढे करत नाही, कारण त्याच्याविषयी यंत्राकडे नोंदच नसते. म्हणून सुरुवातीचे प्रेक्षक शोधातून येतात. याचा अर्थ इतकाच की, व्हिडिओचे शीर्षक ग्राहकाच्या तोंडच्या शब्दांत असावे. ‘हळद: एक सुवर्ण परंपरा’ असे कुणी शोधत नाही. ‘हळदीतली भेसळ घरी कशी ओळखावी’ असे शोधतात.

सणांचे वेळापत्रकही व्यापाऱ्याला शिकवावे लागत नाही. राखीचा माल राखीच्या दिवशी कुणी भरत नाही. तसेच श्वेतांबरांच्या आठ दिवसांच्या पर्युषणातील किंवा दिगंबरांच्या दहा दिवसांच्या दशलक्षण पर्वातील पदार्थांचे व्हिडिओ दोन-तीन आठवडे आधी तयार हवेत. दिवाळीच्या वहीपूजनाची मांडणी दाखवायची, तर ती वसुबारसेच्या आधी.

दोन मराठी स्वयंपाकघरे

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये, अमेरिकेत राहत असताना, पाककृतींचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. त्या काळी मराठी घरातले स्वयंपाकघर यूट्यूबवर ही नवलाईच होती. पुढे त्यांची मराठीतील स्वतंत्र वाहिनी झाली आणि ती घराघरांत पोचली. आज दिसणाऱ्या नावामागे वर्षानुवर्षांचे नेमाने केलेले काम आहे.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावचे. सुमन धामणे या आजींनी २०२० मध्ये नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनेल सुरू केले. ना सजवलेले स्वयंपाकघर, ना कॅमेऱ्याचा सराव. गावाकडची भाषा आणि हाताला ठाऊक असलेले प्रमाण, एवढेच भांडवल. नातवाला यंत्र कळत होते आणि आजीला पदार्थ. घरातल्या दोन पिढ्यांनी आपापले काम वाटून घेतले, हे त्या यशाचे मर्म. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे चॅनेल कुणीतरी परस्पर ताब्यात घेतले आणि काही दिवसांनी ते परत मिळाले.

ही घटना प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. चॅनेल ही मालमत्ता आहे. तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकाच मुलाच्या मोबाइलवर असू नये. दुहेरी पडताळणी चालू असावी. मालकी घरातील कोणाच्या नावावर, हे आधी ठरवावे. ‘आमच्या मालाची जाहिरात करा’ असा मोठ्या रकमेचा ईमेल आणि सोबत उघडायला एखादी फाइल, हा चोरीचा नेहमीचा मार्ग आहे. अनोळखी माणसाने दुप्पट भाव देऊ केला, तर व्यापारी सावध होतो. इथेही तसेच व्हावे.

भांडवल थोडे, नेम मोठा

पहिल्या वर्षी महागडा कॅमेरा घेऊ नये. घरातला मोबाइल पुरतो. खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडेल असे बसावे. खिडकी पाठीमागे नको. खर्च करायचाच तर तो कॉलरला लावायच्या माइकवर करावा. हजार रुपयांच्या आसपास चांगला मिळतो. चित्र जरा अस्पष्ट असले तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण शब्द ऐकू आले नाहीत तर तो क्षणात निघून जातो.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मुद्द्याला हात घालावा. पेढीचा इतिहास, आजोबांचा फोटो, सर्वांना जयजिनेंद्र आणि सबस्क्राइब करण्याची विनंती यांत दोन मिनिटे गेली, तर भेसळ ओळखायला आलेली गृहिणी तोवर दुसरीकडे गेलेली असते. अभिवादन एका श्वासात व्हावे; उरलेला परिचय कामातून व्हावा.

आठवड्याला एक व्हिडिओ हे प्रमाण दुकान सांभाळणाऱ्या घराला झेपते. पहिल्या महिन्यात दहा आणि नंतर तीन महिने शून्य, यापेक्षा वर्षभर नेमाने पन्नास बरे. दुकानाची वेळ ठरलेली असली, की गिऱ्हाईकाची पावले त्या वेळेला वळतात.

लहान उभ्या व्हिडिओंचेही स्थान ओळखावे. जून २०२० मध्ये भारतात टिकटॉकवर बंदी आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ची चाचणी भारतातूनच सुरू केली. शॉर्ट्स पाहणारा हा रस्त्याने जाता जाता काचेतून माल पाहणारा माणूस. त्यांतले काही आत येतात, म्हणून काच स्वच्छ ठेवावी. पण काचेसमोर थांबलेल्यांना ग्राहक म्हणून वहीत धरू नये.

पैशाचा हिशेब

यूट्यूबच्या २०२३ पासूनच्या नियमांनुसार ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, एवढे झाले की कमाईची काही साधने खुली होतात. जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास लागतात. शॉर्ट्सच्या मार्गाने जायचे तर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. त्यानंतर मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातीचे ५५ टक्के आणि शॉर्ट्समधील ४५ टक्के चॅनेलकडे येतात.

४,००० तास म्हणजे किती, याचा हिशेब मांडून पाहावा. ते होतात २,४०,००० मिनिटे. दहा मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी चार मिनिटे पाहत असतील, तर ६०,००० वेळा पाहिला जायला हवा. वर्षात पन्नास व्हिडिओ केले, तर प्रत्येकी सरासरी १,२००. आकडा अशक्य नाही, सहजही नाही. आणि तो गाठल्यावर मिळणाऱ्या जाहिरातीच्या पैशांवर घर चालेल, असे कुणी गृहीत धरू नये. जे काही येईल ते इतर उत्पन्नासारखे हिशेबात दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

पेढीसाठी खरे उत्पन्न दुसरीकडे असते. भेसळीचा व्हिडिओ पाहून नाशिकच्या एखाद्या बहिणीने पाच किलो हळद मागवली आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागवली, तर ती नोंद यूट्यूबच्या कोणत्याही पानावर दिसणार नाही. ती दुकानाच्या वहीत दिसेल. म्हणून नवा ग्राहक आला की ‘आमच्याविषयी कुठे कळले’, हे विचारून लिहून ठेवण्याची सवय लावावी.

अतिचार जुनेच, साधन नवे

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. ते वाचताना वाटते, की बाजारात बसलेल्या माणसाची प्रत्येक पळवाट आचार्यांना ठाऊक होती. अचौर्यव्रताचा एक अतिचार आहे हीनाधिकमानोन्मान, म्हणजे वजन-मापात कमीजास्त करणे. पैसे देऊन विकत घेतलेले सबस्क्रायबर आणि व्ह्यूज म्हणजे दुसरे काय? तराजूखाली लावलेले मेणच ते. शिवाय ते व्यवहारातही तोट्याचे. विकत घेतलेली नावे व्हिडिओ पाहत नाहीत. यूट्यूब ती सापडतील तशी काढून टाकते, आणि त्यापायी चॅनेलही जाऊ शकते.

दुसरा अतिचार प्रतिरूपकव्यवहार: चांगल्या मालात हलका मिसळून चांगल्याच्या भावाने विकणे. थंबनेलवर एक आणि आत भलतेच, हे त्याचेच रूप. तिसरा तदाहृतादान, चोरून आणलेली वस्तू घेणे. दुसऱ्याने गायलेले स्तवन किंवा चित्रपटातले गाणे परवानगीवाचून पार्श्वभूमीला लावणे यातच मोडते. यूट्यूबची यंत्रणा असे संगीत आपोआप ओळखते, आणि स्वामित्वहक्काच्या तीन तक्रारी ९० दिवसांत लागू झाल्या तर चॅनेल बंद होऊ शकते.

सत्यव्रताच्या अतिचारांत पहिला मिथ्योपदेश. हळदीच्या व्यापाऱ्याने आपल्या मालाने असाध्य रोग बरे होतात असे सांगितले, तर व्हिडिओ कदाचित खूप पाहिला जाईल. पण ते ऐकून एखाद्या रुग्णाने औषध थांबवले, तर ते पाप कोणत्या खात्यात लिहायचे? पैसे किंवा माल घेऊन दुसऱ्याच्या वस्तूची शिफारस केली असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून तसे बंधन घातलेच आहे. साधू-साध्वींचे चित्रीकरण त्यांच्या परंपरेची मर्यादा विचारूनच करावे. काही संप्रदायांत ध्वनिवर्धकही वर्ज्य आहे, मग कॅमेऱ्याचे गृहीत कसे धरावे?

घरातल्या मुलांचे मन

या कामात सर्वांत नाजूक गोष्ट ना यंत्र, ना पैसा. ती आहे चॅनेल चालवणाऱ्या तरुण मुलामुलींचे मन. दर तासाला आकडा पाहणे, तो वाढला की स्वतःला मोठे मानणे, घटला की जेवण न जाणे, एखाद्या अनोळखी माणसाच्या कटू शब्दाने रात्रभर जागणे. हे घराघरांत घडू शकते. अपरिग्रह केवळ धनाचा नसतो, स्तुतीचाही असतो.

म्हणून घराने मिळून आधी काही गोष्टी ठरवाव्यात. वर्षभर करायचे, त्याआधी यश-अपयश ठरवायचे नाही. आकडे आठवड्यातून एकदाच, एका ठरलेल्या दिवशी पाहायचे. कटू प्रतिक्रियेत तथ्य असेल तर आभार मानून सुधारायचे. नसेल तर उत्तर न देता सोडून द्यायचे. लहान मुलांचे चेहरे, शाळा, घराचा पत्ता पडद्यावर येऊ द्यायचा नाही. आणि वर्षअखेर, दिवाळीला वह्या तपासतात तसा, सर्वांनी बसून चॅनेलचाही ताळेबंद पाहायचा. पुढे चालवायचे नाही असे ठरले, तर त्यात कमीपणा मानू नये.

जे लिहिलेले नाही ते

सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीखाली खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची पद्धत होती. तिथल्या मातीच्या गुणामुळे माल वर्षानुवर्षे टिकत असे. पेव कसे भरायचे, कसे बंद करायचे, उघडल्यावर आतली हवा मोकळी होईपर्यंत किती थांबायचे, हे जाणणारी माणसे होती. २००५ च्या महापुरात पेवांचे मोठे नुकसान झाले. पेवांबरोबर ती जाण असलेली माणसेही एकेक करून कमी होत गेली.

अशी जाण प्रत्येक पेढीत असते. हळकुंड मोडून रंगावरून प्रत सांगणारे आजोबा, बोटांत धागा फिरवून सुताचा अंदाज देणारे काका, कंदमुळाशिवाय भाजीला दाटपणा आणणारी आजी. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. ते हातात आहे आणि हातांबरोबर जाते. १८८० च्या दशकात सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ सुरू केले, तेव्हा धर्मग्रंथ छापावेत की नाही यावरच समाजात वाद होता. छापण्याने ज्ञान बाटेल अशी भीती होती. ग्रंथ छापले गेले, म्हणूनच ते पुढच्या पिढ्यांच्या घरात राहिले.

मोबाइलचा कॅमेरा हे आजचे तसेच साधन आहे. ज्या घरात नातू कॅमेरा धरतो आणि आजोबा हळकुंड मोडून दाखवतात, तिथे सबस्क्रायबर तीनशे राहिले तरी दोन गोष्टी हाती लागतात: पेढीच्या शब्दावर विश्वास ठेवणारी तीनशे माणसे, आणि आजोबांनंतरही घरात शिल्लक राहणारी त्यांची जाण. चॅनेल काढावे की नाही, याचा निर्णय घरात बसून करताना वडीलधाऱ्यांनी ‘किती लोक पाहतील’ हे विचारण्याआधी ‘आपल्याकडे सांगण्यासारखे खरे काय आहे’ हे विचारावे. त्याचे उत्तर मिळाले, की पहिला व्हिडिओ त्याच आठवड्यात करायला हरकत नाही.